हरवलेलं ड्रोन आणि 'नाही'चं ज्ञान



ड्रोन उडवणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला एक क्षण कधी ना कधी येतो. हातातल्या पडद्यावरचं चित्र थिजतं, संपर्क तुटल्याची सूचना येते. मान वर करून पाहावं तर आभाळ मोकळं. मग ते ड्रोन उसावर फवारणी करणारं असो, लग्नाचं चित्रीकरण करणारं असो किंवा गावठाणाची मोजणी करणारं असो. काही मिनिटं वाट पाहिली जाते, मग माणसं धावत सुटतात. कुणी बांधावर चढतं, कुणी ओढ्याकडे जातं. तासाभराने सगळे परत येतात आणि म्हणतात, "तिकडे नाही."

आज आपल्याला या शेवटच्या दोन शब्दांचा विचार करायचा आहे. 'तिकडे नाही' हे आपल्याला कळलं, म्हणजे नेमकं काय कळलं? कशावरून कळलं? हा प्रश्न आपल्या दर्शनांमध्ये फार जुना आहे. आणि हरवलेली यंत्रं शोधण्याचा गेल्या शतकातला इतिहास पाहिला, तर तो याच प्रश्नाचं उत्तर हळूहळू आणि फार महाग किंमत मोजून शिकण्याचा इतिहास आहे, असं आपल्याला दिसेल.

सुरुवात थोडी मागे जाऊन करू. बिनतारी संदेशावर चालणारं यंत्र लोकांसमोर आणलं ते निकोला टेस्लाने. १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या हौदात त्याने एक छोटी होडी दुरून चालवून दाखवली. पुढे १९३५ च्या सुमारास ब्रिटनमध्ये 'क्वीन बी' नावाचं वैमानिकाविना उडणारं विमान आलं. तोफखान्याच्या नेमबाजीच्या सरावासाठी ते लक्ष्य म्हणून उडवत. 'ड्रोन' म्हणजे मधमाश्यांमधला नर. राणीमाशीच्या नावावरूनच हा शब्द विमानांना चिकटला, असं साधारणपणे मानतात.

अशा यंत्राशी संपर्क तुटला तर काय होतं, याचं एक गाजलेलं उदाहरण १६ ऑगस्ट १९५६ चं आहे. कॅलिफोर्नियातल्या पॉइंट मुगू या नौदल तळावरून क्षेपणास्त्रांचं लक्ष्य म्हणून एक जुनं हेलकॅट विमान वैमानिकाविना उडवलं होतं. उड्डाणानंतर ते आज्ञा मानेनासं झालं आणि लॉस एंजेलिसच्या दिशेने वळलं. त्याला पाडायला हवाई दलाची दोन जेट विमानं धावली. त्यांनी एकूण २०८ रॉकेटं डागली. एकही लागलं नाही! रॉकेटं जमिनीवर पडून रानात वणवे मात्र लागले. शेवटी इंधन संपल्यावर ते ड्रोन पामडेल गावाजवळच्या वाळवंटात आपण होऊन कोसळलं.

ही गोष्ट ऐकताना हसू येतं, पण तिच्यातला एक भेद लक्षात घ्या. त्या दिवशी संपर्क तुटला होता, विमान हरवलं नव्हतं. ते सगळ्यांना डोळ्यांनी दिसत होतं. संपर्क तुटणं ही एक गोष्ट आणि वस्तूचा ठावठिकाणा जाणं ही दुसरी. आपण घाबरलो की या दोन्ही एकच मानतो. हा भेद आपल्याला पुढे पुन्हा लागणार आहे.

आता शोधाकडे वळू. माणूस हरवलेल्या गोष्टी कायमच शोधत आला आहे, पण 'शोध' हाच अभ्यासाचा विषय झाला तो दुसऱ्या महायुद्धात. अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुड्या जहाजं बुडवत होत्या. १९४२ साली अमेरिकन नौदलाने पाणबुड्यांच्या शोधासाठी गणितज्ञांचा आणि शास्त्रज्ञांचा एक गट नेमला. त्यात बर्नार्ड कूपमन हे गणितज्ञ होते. त्यांच्या कामाचा गाभा साध्या भाषेत असा सांगता येईल. विमानातून समुद्राचा एखादा पट्टा पाहिला, तर 'पाहिला' किंवा 'नाही पाहिला' असं दोन टोकांचं उत्तर पुरत नाही. वस्तू तिथे असती, तर ती दिसण्याची शक्यता किती होती, हे सांगावं लागतं. अंतर वाढलं, लाटा उसळल्या, ऊन डोळ्यांवर आलं, की ती शक्यता घटते. म्हणजे 'आम्ही पाहिलं' या वाक्यामागेही एक संख्या असते.

आम्हा दर्शनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना इथे थबकायला होतं. कारण हे आपल्याला ओळखीचं आहे.

जमिनीवर घडा नाही, हे आपल्याला कसं कळतं? आपल्याकडच्या वादाचं हे ठरलेलं उदाहरण आहे. नैयायिक म्हणतात, प्रत्यक्षानेच कळतं. डोळे उघडून जमीन पाहिली, तिच्यावर घड्याचा अभाव दिसला. सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टांच्या परंपरेने हे मान्य केलं नाही. इंद्रियाचा संबंध असलेल्या वस्तूशी येतो, नसलेल्या वस्तूशी कसा येईल? म्हणून त्यांनी अभावाच्या ज्ञानासाठी एक स्वतंत्र प्रमाण मानलं. तेच अनुपलब्धी, म्हणजे न आढळणं. अद्वैत वेदान्तानेही ते स्वीकारलं. बौद्धांच्या धर्मकीर्तीने त्याला अनुमानात बसवलं. प्राभाकरांनी तर हे वेगळं प्रमाणच नको म्हटलं.

वाद मोठा आहे आणि आज तो सोडवायचा नाही. आपल्याला त्यातली एक अट हवी आहे. केवळ 'आढळलं नाही' एवढ्याने अभाव सिद्ध होत नाही. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, म्हणून घडा नाही असं म्हणता येत नाही. न आढळणं 'योग्य' असावं लागतं. म्हणजे, घडा इथे असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती असावी लागते. तिचं नाव योग्यानुपलब्धी. कूपमन यांची संख्या म्हणजे या योग्यतेचं मोजमाप आहे, असं म्हणायला हरकत नाही. त्यांनी मीमांसा वाचली होती असं आम्ही अजिबात सुचवत नाही. एकच अडचण दोन वेगळ्या काळांत माणसांपुढे आली, एवढंच.

हे शेतात नेऊन पाहू. समजा, ड्रोन पडलं आहे. एकीकडे उसाचं रान, दुसरीकडे हरभऱ्याचं. दोन्हीकडे पडल्याची शक्यता निम्मी निम्मी. हरभरा गुडघ्याच्याही खाली. तिथे नीट फिरलं तर ड्रोन दिसण्याची शक्यता ९५ टक्के धरू. फिरलो, दिसलं नाही. आता हिशेब केला तर ड्रोन हरभऱ्यात असण्याची शक्यता पन्नासवरून साधारण पाच टक्क्यांवर येते. हे 'नाही' वजनदार आहे.

आता उलट करा. आधी उसात शिरा. ऊस दीड पुरुष उंच, पाचट पायात अडकतं, दोन हातांपलीकडचं दिसत नाही. ड्रोन तिथे असलं तरी दिसण्याची शक्यता फार तर ३० टक्के. तासभर घाम गाळला, अंगाला कुसळं टोचली, दिसलं नाही. हिशेब काय सांगतो? उसातली शक्यता पन्नासवरून फक्त एकेचाळीसवर आली. कष्ट किती केले याला इथे काही किंमत नाही. असतं तर दिसलं असतं का, एवढंच विचारायचं. दमलेला माणूस मात्र बांधावर येऊन ठामपणे सांगतो, "ऊस सगळा पालथा घातला, तिथे नाही." आणि मग सगळे ओढ्याकडे निघतात.

या हिशेबाचं मूळ थॉमस बेझ नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाच्या निबंधात आहे. तो त्यांच्या मृत्यूनंतर १७६३ साली प्रसिद्ध झाला. नवा पुरावा आला की जुन्या शक्यता किती बदलाव्यात, याचा तो नियम. 'सापडलं नाही' हाही पुरावा आहे, आणि त्यानेही नकाशा बदलतो, हे शोधकार्यात हळूहळू रुजत गेलं.

१९६६ च्या जानेवारीत स्पेनच्या पालोमारेस गावावर एक अमेरिकन बॉम्बफेकी विमान आणि त्याला हवेत इंधन देणारं विमान यांची टक्कर झाली. बॉम्बफेकी विमानात चार हायड्रोजन बॉम्ब होते. तीन जमिनीवर मिळाले, चौथा गेला समुद्रात. कुठे? तज्ज्ञांनी शक्यतांचे नकाशे केले. पण त्या वेळी समुद्रावर फ्रान्सिस्को सिमो ओर्ट्स नावाचा एक मच्छीमार होता. हवाई छत्रीला लटकलेलं काहीतरी पाण्यात पडताना त्याने पाहिलं होतं आणि तो जागा दाखवत होता. रोज त्याच पाण्यात होडी घालणाऱ्या माणसाचा शब्द. आपण त्याला शब्दप्रमाण म्हणू, कारण बोलणारा या बाबतीत आप्त होता, जाणता होता. १५ मार्चला 'अ‍ॅल्विन' या छोट्या पाणबुडीला बॉम्ब दिसला, तो त्याने सांगितलेल्या परिसरातच. वर काढताना दोर तुटून तो पुन्हा निसटला आणि पुन्हा शोधावा लागला. शेवटी ७ एप्रिलला तो वर आला. दोन वर्षांनी 'स्कॉर्पियन' ही अमेरिकन पाणबुडी ९९ जणांसह अटलांटिकमध्ये नाहीशी झाली. तेव्हाही शक्यतांचा नकाशा मांडूनच तिचे अवशेष तीन किलोमीटर खोलीवर सापडले.

आता ज्या घटनेसाठी हे सगळं सांगितलं, तिच्याकडे येऊ.

१ जून २००९. रिओ दी जानेरोहून पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्सचं ४४७ क्रमांकाचं विमान अटलांटिकवर नाहीसं झालं. विमानात २२८ माणसं होती. विमानाची शेवटची नोंदलेली जागा जागतिक प्रमाणवेळेनुसार रात्री २ वाजून १० मिनिटांची. त्यानंतर पाचएक मिनिटं यंत्राने आपोआप पाठवलेले बिघाडाचे संदेश, आणि मग शांतता. एवढ्या वेळात विमान जाऊन जाऊन किती लांब जाईल? शेवटच्या जागेभोवती सुमारे ७४ किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ आखलं गेलं. क्षेत्रफळ १७,००० चौरस किलोमीटरच्या वर. खाली काही ठिकाणी चार किलोमीटर खोल समुद्र आणि डोंगराळ तळ.

विमानातल्या दोन्ही रेकॉर्डरना पिंगर जोडलेले असतात. पाण्यात पडले की ते ठरावीक अंतराने टिकटिक करतात, किमान ३० दिवस. म्हणून पहिला महिना ऐकण्यात गेला. फ्रेंच नौदलाची पाणबुडी आणि श्रवणयंत्रं ओढणारी जहाजं शेवटच्या जागेच्या परिसरात फिरली. काहीही ऐकू आलं नाही.

इथे तो अनुमानाचा धागा येतो. पिंगर वाजत असतील, आणि आपण इथे ऐकलं, तर ते ऐकू आले असते. आले नाहीत. म्हणून विमान इथे नाही. तर्क दिसायला निर्दोष आहे. ऐकून झालेला भाग मागे पडला आणि पुढचा शोध बहुतांशी दुसरीकडे सरकला. २००९ च्या उन्हाळ्यात सोनारने शोध झाला. २०१० च्या एप्रिल-मेमध्ये पुन्हा झाला. हाती काही लागलं नाही. पृष्ठभागावर सापडलेले अवशेष प्रवाहाने कुठून वाहत आले असतील, याची उलटी गणितंही मांडली गेली. तीही उपयोगी पडली नाहीत.

मग फ्रान्सच्या अपघात-तपास संस्थेने अमेरिकेतल्या मेट्रॉन कंपनीच्या गणितज्ञांना सगळी माहिती नव्याने मांडायला सांगितलं. त्यांनी आधीचा प्रत्येक शोध पुन्हा तपासला. कुठे कोणत्या साधनाने पाहिलं? वस्तू असती तर ती दिसण्याची शक्यता किती होती? आणि त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला, तो मोलाचा ठरला. दोन्ही पिंगर मुळात वाजलेच नसतील तर? ही शक्यता धरून नकाशा काढला, तेव्हा सगळा रंग पुन्हा मध्यभागी, शेवटच्या जागेजवळ गोळा झाला.

२०११ च्या मार्चअखेर समुद्रतळावर फिरणारी स्वयंचलित यानं तिथे सोडली. ती यानं म्हणजेही पाण्याखालची ड्रोनच. आठवडाभरात, ३ एप्रिलला, विमान सापडलं. शेवटच्या जागेपासून फक्त १२ किलोमीटरच्या आसपास, सुमारे ३,९०० मीटर खोलीवर. मे महिन्याच्या सुरुवातीला दोन्ही रेकॉर्डर वर आले. मिळालेला पिंगर तपासला, तो बंद होता.

जवळपास दोन वर्षं. या दोन वर्षांत २२८ घरांमध्ये काय चाललं असेल याची कल्पना करावी. विमान का पडलं, हे सांगता येत नव्हतं. वेगमापक नळ्यांमध्ये बर्फ साचून वेगाच्या नोंदी बिघडल्या आणि वैमानिकांच्या हातून विमान सावरलं गेलं नाही, हे रेकॉर्डर मिळाल्यावरच पूर्ण कळलं. विमान सापडल्यावर समुद्रतळावरून शंभरावर मृतदेह वर आणता आले. इतकी घरं इतका काळ थांबून राहिली. त्यामागे समुद्राची खोली होती, दुर्गम तळ होता, हे खरंच. पण एक कारण शांततेच्या चुकीच्या वाचनाचंही होतं. अनुपलब्धी होती, ती योग्य नव्हती. खोलीत दिवा लागलेला आहे, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. पुढे पिंगर वाजण्याची किमान मुदत ३० दिवसांवरून ९० दिवसांवर नेण्यात आली. तो झाला यंत्राचा धडा. विचाराचा धडा असा, की 'ऐकू आलं नाही' म्हणण्याआधी बोलणारा बोलू शकत होता का, हे विचारावं.

आपल्या जवळचं उदाहरण घेऊ. ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे चांद्रयान-२ च्या विक्रम या अवतरण यानाशी संपर्क तुटला. चंद्राच्या पृष्ठभागापासून २.१ किलोमीटर उंचीपर्यंत सगळं सुरळीत होतं, असं इस्रोने त्या वेळी जाहीर केलं. नासाच्या चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाने त्या भागाची छायाचित्रं घेतली आणि ती सगळ्यांसाठी खुली केली. चेन्नईच्या षण्मुग सुब्रमण्यन या तरुण अभियंत्याने घटनेआधीची आणि नंतरची छायाचित्रं शेजारी शेजारी ठेवून ठिपका ठिपका ताडून पाहिला. एक ठिपका नव्या चित्रात होता, जुन्यात नव्हता. त्याने नासाला कळवलं. पडताळणी होऊन डिसेंबरच्या सुरुवातीला नासाने ते विक्रमचेच अवशेष असल्याचं जाहीर केलं. आपल्या यानाने ती जागा आधीच हेरली होती, असं इस्रोचं म्हणणं होतं.

यातली गंमत पाहा. नव्या चित्रातल्या ठिपक्याला एकट्याने काहीच अर्थ नव्हता. चंद्रावर असे ठिपके असंख्य. त्याला अर्थ आला तो जुन्या चित्रातल्या 'नाही'मुळे. नैयायिक ज्याला प्रागभाव म्हणतात, वस्तू उत्पन्न होण्याआधीचा तिचा अभाव, तो इथे पुराव्याला उभा राहिला. आणि ही अनुपलब्धी योग्य होती, कारण जुन्या चित्रातही तो ठिपका असता तर दिसला असता.

शेवटचं उदाहरण मंगळावरच्या ड्रोनचं. इंजेन्युइटी या छोट्या हेलिकॉप्टरने २६ एप्रिल २०२३ ला आपलं बावन्नावं उड्डाण केलं आणि उतरता उतरता त्याचा संपर्क तुटला. ६३ दिवस काहीही कळलं नाही. पण त्याला सांभाळणाऱ्या चमूने त्याला हरवलेलं मानलं नाही. हेलिकॉप्टर आणि त्याचे संदेश घेणारी पर्सिव्हरन्स ही गाडी यांच्यामध्ये टेकडी आहे, हे त्यांना ठाऊक होतं. तिथून आवाज येणारच नव्हता. गाडी टेकडीच्या माथ्यावर चढली, आणि २८ जूनला संदेश आला. पामडेलच्या वेळी मांडलेला भेद आठवा. संपर्क नव्हता, पण यंत्र गेलं नव्हतं. तेवढं ओळखल्यामुळे नुसती वाट पाहणं हेच शहाणपणाचं ठरलं.

तर आता पुन्हा उसाच्या फडाकडे येऊ. ड्रोनचा संपर्क तुटला, तर पहिली गोष्ट, पळू नका. बहुतेक ड्रोन संपर्क तुटल्यावर निघाल्या जागी परत येण्याचा प्रयत्न करतात, त्यांना तेवढा वेळ द्या. मध्ये टेकडी किंवा झाडी असेल तर थोडं उंचावर जा. कदाचित तुमच्या आणि ड्रोनच्या मध्येही पर्सिव्हरन्ससारखी टेकडीच असेल. नाहीच आलं, तर मोबाईलमधली उड्डाणाची नोंद उघडा. शेवटची जागा, उंची, वेग, दिशा आणि बॅटरी किती उरली होती, हे लिहून घ्या. त्यावरून ते जास्तीत जास्त किती लांब गेलं असेल याचं वर्तुळ आखा. वाऱ्याची दिशा धरा. परतीच्या वाटेवर विजेचा मनोरा किंवा उंच झाड आहे का पाहा. मग माणसांना विचारा. खुरपणाऱ्या बायका, गुराखी, मोटारीवर बसलेला पोरगा. त्यांनी घरघर कुठे थांबली ते ऐकलेलं असतं.

आणि शोधताना एक कागद जवळ ठेवा. त्यावर कुठे पाहिलं एवढंच लिहू नका, कसं पाहिलं तेही लिहा. 'हरभरा, उजेडात, ओळीने : असतं तर दिसलंच असतं.' 'ऊस, संध्याकाळी, कडेकडेने : असतं तरी दिसलं नसतं.' दुसऱ्या दिवशी शोध कुठून सुरू करायचा, हे तो कागदच सांगेल. ड्रोनची बॅटरी संपली असेल, तर ते आवाज करणार नाही, दिवाही लावणार नाही. त्याची शांतता मग कशाचाच पुरावा नाही.

थांबायचं कधी, हा प्रश्न राहतोच. मलेशियाचं एमएच ३७० हे विमान मार्च २०१४ मध्ये २३९ जणांसह नाहीसं झालं. हिंदी महासागराचा १,२०,००० चौरस किलोमीटर तळ पाहून झाला आणि जानेवारी २०१७ मध्ये तो शोध स्थगित केला गेला. साधनं संपतात, पैसा संपतो, थांबावं लागतं. त्यात गैर काही नाही. पण थांबणं हा निर्णय असतो, ते ज्ञान नसतं. वाट पाहणाऱ्या माणसाला 'तिकडे नाही' असं सांगणं आणि 'आम्ही तिकडे इतकं, असं पाहिलं, आणि आता थांबतो आहोत' असं सांगणं, यांत फार फरक आहे. पहिल्याने त्याचा पुढचा रस्ता बंद होतो. दुसऱ्याने तो रस्ता निदान नकाशावर उरतो, आणि उद्या कुणी चांगला दिवा घेऊन आला, तर कुठून सुरुवात करायची हे त्याला कळतं.

इथे थांबू.